पद्मतीर्थ जिनातील पाचव्या खुर्चीबाबत

मी, प्रयागबाई, कै. जगदेवराव इढोळे यांची विधवा, वय सुमारे साठ, धंदा घरकाम, राहणार वाशीम, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, प्रांत वऱ्हाड, हे मृत्युपत्र आज आपल्या हाताने लिहीत आहे. लिही म्हणून मला कोणी सांगितलेले नाही. लिहू नको म्हणून ज्यांनी सांगितले त्यांचे मी ऐकलेले नाही. माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

माझे यजमान गेल्या वर्षी पौषात वारले. तेव्हापासून घरात बोलणे कमी झाले, त्यामुळे बोलायचे राहिलेले काही या कागदात आले असेल. वकिलांनी तेवढा भाग गाळावा असे सुचविले. मी तो ठेवला आहे.

कलम १. राहते घर मागील अंगणासह व विहिरीतील निम्म्या हिश्शासह यजमानांनी मला मालकी हक्काने दिलेले आहे. ते मी माझे पुतणे जानराव यांस देते. आम्हांस मूल झाले नाही. जानरावानेच यजमानांना अग्नी दिला आणि दहावे, तेरवी सर्व रीतीने केली. पुढे मी त्याच्याविरुद्ध काही लिहिणार आहे, म्हणून हे आधी लिहिले.

जानरावाची आई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई रंगूबाई. स्वयंपाकघरातील तांब्याचे मोठे घंगाळ त्यांना द्यावे. ते आपल्या माहेरचे आहे असे त्या माझे लग्न झाल्यापासून म्हणत आल्या आहेत. ते माझ्या माहेरचे आहे. तरी त्यांना द्यावे.

कलम २. माझ्या अंगावरील दागिने, म्हणजे पाटल्या, एकदाणी आणि कुडी, जानरावाची पत्नी ललिताबाई हिने घ्यावेत. ते मोडून दुसरे करायचे झाल्यास तिने कोणास विचारू नये. टपाल कचेरीतील शिल्लक मुलींच्या शाळेला द्यावी. तिच्यातून पावसाळ्यापूर्वी छपराचे पत्रे बदलावेत, बक्षीस समारंभ करू नयेत.

कलम ३. यजमानांचा लोकरी कोट व काठी आमच्या सरकी काढण्याच्या कारखान्याचे, म्हणजे जिनाचे, जुने पहारेकरी मोहनसिंग यांना द्यावी. कोट त्यांना आखूड होईल. यजमानांचा चष्मा कोणासही देऊ नये. तो माझ्या उशाखाली असतो. तो माझ्याबरोबर जाळावा.

कलम ४. आता कंपनीच्या शेअरांबाबत. हे मृत्युपत्र मुख्यतः त्यासाठीच आहे.

वाशीम स्टेशनजवळील पद्मतीर्थ जिनिंग-प्रेसिंग कंपनी यजमानांनी व त्यांच्या तीन भागीदारांनी रेल्वे आली त्या सुमारास काढली. तीत लावण्यासाठी मी माझ्या वडिलांनी दिलेले सोने मोडले व ते शेअर माझ्या नावे झाले. ते माझे स्त्रीधन आहे. कंपनीच्या एकूण शेअरांपैकी एक चतुर्थांशाहून ते थोडे अधिक आहेत. कंपनीचा कोणताही नियम बदलायचा तर चारांतले तीन हिस्से मते लागतात. म्हणजे मी नाही म्हटले की नियम बदलत नाही. मी गेल्यावर नाही कोणी म्हणायचे, एवढाच प्रश्न आहे.

ज्या नियमावरून हा प्रश्न निघाला तो असा. कंपनीच्या सभेत चार डायरेक्टर आणि पाचवा मजुरांनी निवडलेला माणूस बसतो. त्याला इतरांइतकेच एक मत आहे व त्याला हिशेब पाहता येतो. हा नियम यजमानांनी कोणत्या पुस्तकातून घेतला असे लोक विचारत. त्यांनी तो पुस्तकातून घेतला नव्हता. ते पुस्तके वाचत नसत.

इन्फ्लुएंझाच्या वर्षी दिवाळीपूर्वीच गावेच्या गावे पडली. हंगाम तोंडावर आला आणि यंत्रावर कापूस टाकायला माणूस मिळेना. जे वाचले होते त्यांना सगळीकडून बोलावणी होती. यजमान बैलगाडीने शिरपूरकडे गेले, कारण आमच्या जिनावरच्या पुष्कळ बाया तिकडच्या. त्यांच्यात धुरपताबाई म्हणून एक होती. तिने दुप्पट मजुरी मागितली. यजमान म्हणाले, तेवढी देता येत नाही. ती म्हणाली, "देता येत नाही का द्यायची नाही?"

यजमान म्हणाले, "खरंच देता येत नाही, बाई. हिशेब दाखवतो पाहिजे तर."

"मले वाचता येते का, पाटील? आमचा एक माणूस बसवा तुमच्या सभेत. तो पाहीन हिशेब. मंग तुमी नाही म्हणा, आमी आयकू."

यजमानांनी हो म्हटले. घरी आल्यावर मला म्हणाले, "पैशाऐवजी खुर्ची देऊन आलो. स्वस्तात सुटलो." त्यांना खरोखर तसे वाटत होते. भागीदारांनाही तसेच वाटले, म्हणून नियम मंजूर झाला. रंगूबाईंना मात्र वाटले नाही. त्या म्हणाल्या, "आज खुर्चीवर बसवली, उद्या जेवाले पाटावर बसवसान."

कलम ५. पहिली निवडणूक कशी झाली हे लिहून ठेवते, कारण पुढे कोणाला रीत विचारावीशी वाटली तर आमची चूक ठाऊक असावी.

बॉयलरची पूजा झाल्यावर जिनाच्या अंगणात दोन मडकी मांडली. एकाजवळ मोहनसिंगांची काठी ठेवली, दुसऱ्याजवळ धुरपताबाईचे सूप. ज्याला जो हवा त्याच्या मडक्यात त्याने एक सरकी टाकायची असे यजमानांनी ठरविले. सरकी जिनात फुकट होती म्हणून ती घेतली. मडकी ओतली तेव्हा जिनात जेवढी माणसे होती त्याच्या कितीतरी पट सरक्या निघाल्या. काहींनी मुठीच्या मुठी टाकल्या होत्या. बाकीच्या सरक्या बायांच्या पदराला, ओच्याला, केसांना चिकटलेल्या होत्या, त्या बाया वाकल्या की आपोआप पडल्या.

यजमान म्हणाले, "एवढे मजूर असते तर मी शिरपूरले कायले आलो असतो?"

धुरपताबाई म्हणाली, "तुमच्या जिनात सरकी कोठीत कमी अन् आमच्या अंगावर जास्त राह्यते, हे आज दिसलं का तुमाले?"

मग निळीत बुडविलेले चिंचोके फाटकावर प्रत्येकाच्या हातात एक एक देऊन पुन्हा मते घेतली. आजही तसेच करतात. त्या वर्षी मोहनसिंग निवडून आले, कारण त्यांचा आवाज मोठा होता. सभेत ते झोपत. पुढच्या खेपेस लोकांनी त्यांना काढले व धुरपताबाईला बसविले. मोहनसिंगांनी तिच्याशी एक हंगामभर बोलणे टाकले होते.

कलम ६. या खुर्चीने कंपनीचे काय झाले हे मी येथे सांगते, कारण जानराव म्हणतो तोटा झाला आणि मजूर म्हणतात बरकत झाली. यजमानांना अलीकडे दिसत नसे, त्यामुळे कंपनीचे वार्षिक अहवाल मीच त्यांना वाचून दाखवीत असे. दोघांचेही म्हणणे मला त्यांत सापडले नाही.

मजुरी इतर जिनांपेक्षा वाढली नाही. धुरपताबाई दर वर्षी मागे, बहुतेक वर्षी तिला नाही ऐकावे लागे, आणि ती उठून मजुरांना सांगे की हिशेब पाहिला, यंदा नाही. शेअरवरचा नफा कधी शेजाऱ्यांपेक्षा कमी, कधी जास्त, एकंदरीत सारखाच.

बदलले ते दुसरेच. आगी कमी झाल्या. कापसात ठिणगी पाडणारा खडा किंवा आगकाडी दिसली तरी पूर्वी बाया सांगत नसत, कारण सांगणाऱ्याचीच मजुरी कापली जाई. खुर्ची आल्यावर ती कपात बंद झाली. बाया यंत्रांवर काम करीत त्या ओट्याच्या दाराची कडी बाहेरून होती ती आतून झाली. दिवाळीनंतर माणसे आपण होऊन त्याच जिनावर परत येऊ लागली. मुकादमामार्फत आणावी लागेनात, व मुकादमाचा माणशी हिस्सा बुडाला. त्याने यजमानांना भर बाजारात शिव्या दिल्या. त्या मुकादमाला मी क्षमा केलेली नाही. माझ्या तेरवीला त्याला बोलावू नये.

तोटाही झाला. नवीन यंत्रे घ्यायची होती तेव्हा, बायांचे काम जाईल म्हणून धुरपताबाईने हट्ट धरला, सभा लांबत गेली, आणि एक हंगाम वाया गेला. त्या वर्षी गाड्या आमच्या फाटकावरून पुढे दुसऱ्या जिनात गेल्या. यंत्रे आली तेव्हा बायांचे काम गेले नाही. तिचे चुकले होते. तिने तसे सभेत म्हटले नाही. यजमानांनीही तिच्याकडून म्हणवून घेतले नाही.

मंदीच्या वर्षांत कापसाचा भाव पार बसला. तेव्हा खुर्चीवर बदरुद्दीन फिटर होता. आजही तोच आहे. त्याने हिशेब पाहिला आणि मजुरी कमी करायला हात वर केला. मजुरांनी त्याला चार दिवस चहा पाजला नाही, पण काम थांबले नाही. दुसऱ्या जिनांत तेव्हा संप झाले. भाव सुधारल्यावर कापलेली मजुरी परत मिळेपर्यंत त्याने सभेचा दुसरा विषय निघू दिला नाही. तो फार बोलतो, ही तक्रार रास्त आहे.

कलम ७. जानरावाचा व माझा मतभेद ज्यावरून झाला ते आता लिहिते.

आपल्याकडे कारखानदार जूट करतात. पाच-सहा जिनांनी मिळून ठरवायचे की यंदा अमुक तीन चालतील, बाकीची बंद राहतील, आणि नफा सर्वांनी वाटून घ्यायचा. बंद जिनाच्या मालकाला कोळसा न जाळता पैसे मिळतात. जिनावर येणाऱ्या माणसांना काही मिळत नाही. ती जुटीत नसतात. शेतकऱ्याला मात्र ओटाई, म्हणजे सरकी काढण्याची मजुरी, वाढवून द्यावी लागते.

पूर्वी एकदा आमच्या कंपनीला असे बोलावणे आले होते. आमचे जीन बंद राहणार होते. सभेत दोन मते इकडे, दोन तिकडे झाली. यजमान जुटीच्या बाजूचे होते. पाचवे मत धुरपताबाईचे. यजमानांनी तिला विचारले, "घरबसल्या पैसे येते, तर तुही हरकत काय?"

ती म्हणाली, "तुमचं घर अन् माह्यं घर एक हाये का, पाटील? तुमी घरी बसून राह्यले तं बसले. मी घरी बसली तं उपाशी बसली."

जीन चालू राहिले. यजमान महिनाभर चिडलेले होते. दोन-तीन वर्षे जुटीतल्यांना आमच्यापेक्षा अधिक मिळाले, हे खरे आहे. मग मंदी आली, जूट मोडली, व बंद राहिलेल्या जिनांची यंत्रे गंजली होती आणि माणसे पांगली होती. आमचे फाटक उघडे होते. यजमानांनी त्यानंतर जुटीचे नाव काढले नाही. धुरपताबाई बरोबर होती असेही ते कधी म्हणाले नाहीत. मंदी येणार हे तिला ठाऊक होते असे मी म्हणत नाही. तिला तिचे घर ठाऊक होते.

आता लढाईमुळे परदेशचे गिऱ्हाईक तुटले आहे आणि पुन्हा तसे बोलावणे आले आहे. यजमानांना दिसेनासे झाल्यापासून त्यांच्या जागी जानराव डायरेक्टर आहे. त्याचे म्हणणे की आधी पाचवी खुर्ची काढावी, मग जुटीत जावे. गेल्या महिन्यात तो माझ्याकडे आला होता.

"काकू, तुमी एक सही द्या फक्त. इतक्या वर्षांत त्या खुर्चीनं आपल्याले काय देल्लं?"

मी म्हटले, "काही नेलं का?"

"नेलं नाही, पण अडवते तं सही. मी मालक हावो का त्याहीचा नोकर? माह्या पोरांच्या तोंडचं काढून मी बदरुद्दीनच्या पोरांले देऊ काय?"

त्याचे चुकते आहे असे मला वाटत नव्हते. त्याला चार मुले आहेत. तो कष्टाळू आहे, दारू पीत नाही, आणि चुलत्याचे त्याने मुलाप्रमाणे केले. मी सही दिली नाही, पण नकारही दिला नाही. चार रात्री विचार केला व पुढील कलम ठरविले.

कलम ८. माझे सर्व शेअर एकत्र राहतील. ते कोणासही विकता, वाटता किंवा गहाण टाकता येणार नाहीत.

त्यांवर जो नफा येईल तो सर्व जानरावाचा, व त्याच्यामागे त्याच्या मुलांचा.

त्यांवरील मत जानरावाचे नाही. ते मी तीन पंचांस देते. एक, धुरपताबाई, हल्ली मुक्काम शिरपूर, आता काम करीत नाही. दोन, कापसाचे अडते लखीराम. जिने चालली तर त्यांची अडत चालते, म्हणून त्यांना घेतले. ते सज्जनही आहेत. तीन, जानरावाची पत्नी ललिताबाई. ती सहावीपर्यंत शिकली आहे व तिचा नवरा काय म्हणतो हे तिला रोज ऐकावे लागते, म्हणून त्याची बाजू पंचांपुढे तिच्याकडून येईल. त्यावरून घरात वाद होईल. होऊ द्यावा.

पाचवी खुर्ची काढण्याचा ठराव आल्यास पंचांनी विरुद्ध मत द्यावे. बाकी सर्व बाबतींत आपल्या बुद्धीने चालावे. जुटीत जावे की न जावे हे मी ठरवून ठेवीत नाही. एखाद्या वर्षी जाणेच शहाणपणाचे असेल. ते पाच जणांनी बसून ठरवावे, चौघांनी नव्हे. मजुरांनीच चिंचोके टाकून खुर्ची नको म्हटले, तर मात्र पंचांनी ती धरून ठेवू नये.

पंचांपैकी कोणी वारल्यास उरलेल्या दोघांनी तिसरा नेमावा. बाई गेल्यास बाई नेमावी.

हे मी जानरावाला काल सांगितले. मागून कळण्यापेक्षा समोर कळलेले बरे. तो मग म्हणाला, "म्हंजे दूध माह्यं अन् दावं दुसऱ्याच्या हाती."

मी म्हटले, "हो."

"तुमचा भरवसा नाही माह्यावर?"

मी म्हटले, "तुझ्यावर आहे. म्हणून घर दिलं, दूध दिलं. पण त्या बायांनी तुझ्यावर भरवसा ठेवून जगावं असं मला त्यांना सांगता येत नाही. तुझ्या काकांच्या वेळीही सांगता आलं नसतं."

तो जेवला नाही. आज सकाळी मात्र त्याने गड्याकरवी माझे औषध पाठविले. त्याने या मृत्युपत्राला कोर्टात हरकत घेतल्यास घर व नफा त्याच्याकडेच राहावा. त्याला त्यासाठी शिक्षा होऊ नये.

कलम ९. शेवटचे माझ्या दुखवट्याबाबत.

यजमान गेले तेव्हा ऐन हंगाम होता. फाटकापासून स्टेशनापर्यंत गाड्या लागलेल्या होत्या. जानरावाने मान म्हणून जीन बंद ठेवले आणि तेरवीपर्यंत बंद ठेवावे असा ठराव मांडला. सभा आमच्याच घरी ओसरीवर भरली. मी आतल्या दाराशी बसले होते. बाकीच्यांनी लगेच होकार दिला. बदरुद्दीन उठून उभा राहिला. म्हणाला, "मालकाचा गम आमाले बी हाये जी. मी जनाज्याले खांदा देतो तसा त्याईले देल्ला. पण रोजी बंद हाये तं गम किती दिवस परवडते? तेरा दिवस बायांच्या चुली काहून बंद?"

जानराव म्हणाला, "काकू आत बसल्या हायेत. तुले लाज वाटत नाही?"

"वाटते ना. खूप वाटते. पण मी माह्या मनानं नाही बोलून राह्यलो. मले बोलासाठीच बसवलं इथं."

मला त्याचा राग आला. तो अजून मला आठवतो. माझे मनुष्य गेले होते आणि हा रोजीबद्दल बोलत होता. मग मनात आले की हे मला दुसरे कोणीही सांगितले नसते. मोहनसिंगांनी नाही, लखीरामांनी नाही, घरच्या मोलकरणीने नाही. सगळे रडले असते आणि उपाशी राहिले असते, आणि मला तो यजमानांचा मान वाटला असता. मी आतूनच म्हटले, "उद्या जीन सुरू करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला. यंत्रांचा आवाज घरापर्यंत येतो. यजमान गेल्यापासून त्या दुपारी मला पहिल्यांदा झोप लागली.

माझी स्वतःची इच्छा अशी की माझ्यासाठी जीन एक दिवसही बंद राहू नये. पण मी मेल्यावर माझा हुकूम चालावा हे वर लिहिलेल्या सर्वांशी जुळत नाही. आणि त्या बायांपैकी काहींना एखादा दिवस घाटावर यावेसे वाटले, तर त्यांना अडविणारी मी कोण? म्हणून मी जाईन त्या दिवशी सभा घ्यावी. जीन चालू ठेवावे की बंद, हे पाचव्या खुर्चीवर तेव्हा जो कोणी बसला असेल त्याला आधी विचारावे. तो आपल्या माणसांना विचारून येईपर्यंत माझे प्रेत थांबवावे. मला घाई नसेल.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहून, पुन्हा वाचून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमोर व एकमेकांसमोर केली.

सही : प्रयागबाई जगदेवराव इढोळे

साक्षीदार :
१. मोतीबाई गणपत वानखडे, शिक्षिका, मुलींची शाळा, वाशीम. सही, दस्तुर खुद्द.
२. मोहनसिंग रतनसिंग ठाकूर, पूर्वी पहारेकरी, पद्मतीर्थ जीन. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. (कलम ३ मधील कोट व काठी साक्षीदारास कायद्याने मिळत नाही असे वकील सांगतात. म्हणून त्या दोन्ही वस्तू मी आजच त्यांच्या हाती दिल्या आहेत. कोट आखूड झाला.)

मुक्काम वाशीम. फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८६२, सोमवार, तारीख ३ मार्च सन १९४१.